राणी कशी आहे?

उवाजिमा, ९ मार्च

मोमोसे-सान यांस,

माझं नाव काजितानी तोकिए. तुमच्या मुंग्या पाळणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात जो 'चौथा मजला' नावाने लिहायचा, त्याची मी आई. त्याचं खरं नाव नाओझुमी. तुम्हाला हे नाव तो गेल्यावर कळलं म्हणे. मला 'चौथा मजला' हे नाव तो गेल्यावर कळलं. म्हणजे आपण दोघी सारख्याच.

आधी आभार मानते, मग काम सांगते. जानेवारीत कुणा नवख्याने गटावर काहीतरी विचारलं आणि नाओने उत्तर दिलं नाही. एवढ्यावरून तुमच्यातल्या 'ओला मोजा' नावाच्या गृहस्थांना चैन पडेना. पूर्वी एकदा पेटी न्यायला आल्याने नाओची इमारत त्यांना ठाऊक होती म्हणे; ते योकोहामाहून कावासाकीला त्याच्या खोलीवर गेले आणि इमारतीच्या रखवालदाराला दार उघडायला लावलं. ते गेले नसते तर माझं पोर किती दिवस तसंच पडून राहिलं असतं, कोण जाणे. हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर आईला दुसरं काय सांगणार! पण तो वेळेवर सापडला, हे उपकार आहेत. त्या गृहस्थांचं खरं नाव कळलं तर बरं. 'ओला मोजा-सान' अशा नावाने आभाराचं पत्र कसं लिहू?

आता काम. खोली रिकामी करताना फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात एक पेटी सापडली. झाकणावर नाओच्या अक्षरात लिहिलं होतं, 'झोपल्या आहेत. उघडू नका.' बाकी सगळं मी टाकलं, पण त्याच्या हातचं अक्षर टाकवेना. मासळीच्या थंड पिशवीत घालून मांडीवर ठेवून आणली आणि माझ्या फ्रिजमध्ये मुळ्याशेजारी ठेवली. माझी मैत्रीण किसा केस कापायचं दुकान चालवते. तिने टॅबलेटवर तुमचा गट शोधला, विचारलं, आणि तासाभरात एवढ्या लोकांनी उत्तरं दिली की ती वाचून दाखवता दाखवता तिचा घसा बसला. तुम्ही पत्ता दिलात म्हणून लिहिते. मला त्या काचेवर बोटं आपटून लिहिणं जमत नाही.

या मुंग्या कुणी घेऊन जाईल का? मला यातलं काही कळत नाही.

आणि एक विचारायचं होतं. न्हाणीघराच्या फळीवर बाळाच्या पावडरचा डबा होता, अर्धा वापरलेला. नाओचं लग्न झालं नव्हतं. पण कुठे त्याचं मूलबाळ होतं का? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. मी रागावणार नाही. कुणाला काही म्हणणार नाही. एकदा नुसतं बघेन.

काजितानी तोकिए

*

मात्सुमोतो, १६ मार्च

काजितानी-सान,

इकडे डोंगरावर अजून बर्फ आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच घरी आले होते. ते वाचलं आणि कोट अंगावर तसाच ठेवून बसून राहिले.

पावडरचं आधी सांगते, कारण तुम्ही त्याचीच वाट बघत असाल. ती पावडर आम्ही सगळेच घरात ठेवतो. पेटीच्या काठाला आतून फासली की मुंगीचे पाय घसरतात आणि ती बाहेर येत नाही. नाओझुमी-सानना मूल नव्हतं. असतं तर त्यांनी आम्हाला नक्की सांगितलं असतं, अगदी फोटोसकट. हे वाक्य लिहिताना मला फार वाईट वाटलं. माफ करा.

ओला मोजा-सान हे योकोहामात औषधाच्या दुकानात काम करणारे इनाबा-सान. त्यांना तुमचा निरोप दिला. ते म्हणाले, "मी काय केलं? मला फक्त उत्तर न आल्याचा राग आला होता." ते असंच बोलतात. तुम्ही लक्ष देऊ नका.

आणि चौथा मजला-सान आमचे कोण होते, तर आमच्या गटाचं दार होते. नवा माणूस घाबरत घाबरत यायचा. कुणाची राणी मेलेली, कुणी हौसेने तीनदा पेटी उघडून अंडी खराब केलेली. दुसऱ्या गटांत अशांना झोडपतात. यांचं उत्तर ठरलेलं असे: 'पहिल्या वर्षी सगळ्यांच्याच मरतात. या, बसा.' मलाही त्यांनी हेच लिहिलं होतं. आणि नवख्याच्या राणीची पहिली कामकरी मुंगी जन्मली की सगळ्यांनी आपापल्या घरी लाल भात करायचा आणि ताटाचा फोटो टाकायचा, ही प्रथाही त्यांचीच. बारशा-लग्नाचा भात एका मुंगीसाठी! माझ्या वेळी दक्षिणेच्या ओकिनावापासून उत्तरेच्या होक्काइदोपर्यंत भाताची भांडी चढली होती.

पेटी न्यायला कुणीही येईल, पण आत्ता हलवू नका. चेरीची फुलं गळेपर्यंत झोपू द्या. मग बाहेर काढा, मधाचं पाणी ठेवा आणि आत सगळ्यांत मोठी, जाड पोटाची एक दिसते का बघा. ती राणी. ती आहे तोवर वारूळ आहे. ती गेली की बाकीच्या हळूहळू संपतात. दुसरी राणी आणून घालता येत नाही. परकीला त्या फाडून टाकतात.

ही राणी जुनी आहे. एवढी वर्षं टिकलेली राणी आमच्यात दुसऱ्या कुणाकडे नाही.

मोमोसे चिनात्सु
(गटात मला 'लोणच्याची बरणी' म्हणतात. का ते विचारू नका.)

*

उवाजिमा, २१ एप्रिल

मोमोसे-सान,

पावडरचं कळलं. बरं झालं सांगितलंत. त्यावर आणखी काही लिहू नका.

उठल्या! फुलं गळली तशी पेटी स्वयंपाकघरात आणून ठेवली. आधी सगळ्या मेल्यासारख्या. मी किसाला म्हटलं, "गेल्या गं." किसा म्हणाली, "तूसुद्धा सकाळी अशीच दिसतेस." मग एकीने मिशी हलवली, मग दुसरीने. दुपारपर्यंत आत नुसती लगबग. आणि राणी दिसली. केवढी मोठी आहे! बाकीच्या तिला चाटतात, भरवतात, आणि ती अंग जड झाल्यासारखी नुसती बसून राहते. मी चाळीस वर्षं इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुतल्या. मला कुणी असं बसवून भरवलं नाही.

पेटी न्यायला या असं मी म्हटलं होतं, त्याची घाई नाही. उन्हाळा तरी होऊ द्या.

किसा रोज विचारते, "राणी कशी आहे?" मग मला जाऊन बघावं लागतं.

तुमच्याशी तो बोलायचा, तेव्हा कधी घरचं काही बोलला का? आमचं भांडण नव्हतं हो. त्याचे वडील गेले, तो कामासाठी तिकडे गेला, मग फोन कमी कमी होत गेले. नव्या वर्षाला एक ठरलेला. "बरा आहेस?" "बरा आहे." "जेवतोस ना?" "जेवतो." एवढंच. नवराही असाच होता, म्हणून मला वाटायचं पुरुषांचं असंच असतं. आता वाटतं, तिकडे इतकं बोलत होता तर माझ्याशीच शब्द का तोलूनमापून वापरत होता?

तोकिए

*

मात्सुमोतो, ८ मे

तोकिए-सान,

घरचं ते फारसं बोलत नसत. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसावी, म्हणून सांगते. ती राणी तुमच्याच गावची आहे.

आमच्यात नियम आहे, राणी जिथे पकडली ते ठिकाण विसरायचं नाही. पुढे कधी मुंग्या सोडायची वेळ आली तर त्याच जागी सोडायच्या. दुसरीकडच्या मातीत आपलं वारूळ घुसवायचं नाही. म्हणून जुनी राणी दिसली की पहिला प्रश्न, 'कुठली?' चौथा मजला-सान सांगायचे, 'उवाजिमाची. आई काम करायची त्या धोबीखान्यामागच्या अंगणातली. शाळा सुटल्यावर मी तिथे आईची वाट बघत बसायचो. फरशीच्या फटीत मुंग्या होत्या, म्हणून कंटाळा यायचा नाही.' गाव सोडलं त्या वर्षी, निघण्याआधी, ते तिथे गेले आणि लग्नाच्या उड्डाणानंतर पंख गाळून खाली उतरलेली ही राणी कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत घालून घेऊन आले. तेव्हापासून ती त्यांच्याजवळ आहे.

आणि दरवर्षी मे महिना आला की ते गटावर विचारायचे, 'उवाजिमाकडचं कुणी आहे का? काल तिकडे पाऊस झाला? आज ऊन आहे? वारा आहे?' पावसानंतरच्या उबदार, वारा नसलेल्या दुपारी राण्या आणि नर उडतात, म्हणून आम्हाला वाटायचं की उड्डाणाची चौकशी चाललीय. तुमचं पत्र आल्यापासून मला वेगळंच वाटायला लागलंय. ते राहायचे कावासाकीला, तुमच्या गावापासून किती लांब! मग दरवर्षी कशाला विचारायचं?

चिनात्सु

*

उवाजिमा, १५ मे

चिनात्सु-सान,

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना.

फोन उचलायचा आणि म्हणायचं, "आई, तिकडे पाऊस झाला का?" मी अंगणात जाऊन, आभाळ बघून, सगळं सांगितलं असतं. वेड्या, तेवढंच बोलायचं होतं तर तेवढंच बोलायचं.

आज मुंग्यांना जाकोतेनचा तुकडा दिला. मासळीची तळलेली वडी, आमच्याकडची. तुमच्या पुस्तकी यादीत नसेल. त्यावर अशा तुटून पडल्या! शेवटी उवाजिमाच्याच त्या.

पेटी न्यायला कुणाला पाठवू नका.

तोकिए

*

उवाजिमा, २ जुलै

चिनात्सु-सान,

पाऊस थांबायचं नाव नाही. भिंतींना बुरशी, कपडे वाळत नाहीत, गुडघे बोलतात.

इकडे सगळं ठीक आहे. राणी ठीक आहे. किसाने फोटो काढलाय, तो सोबत पाठवते. गटालाही दाखवा. थोडा अंधारात आलाय, किसाचा हात हलतो.

तुम्ही लिहीत जा.

तोकिए

*

मात्सुमोतो, ९ जुलै

तोकिए-सान,

फोटो मिळाला. गटावर टाकला. सगळ्यांनी बघितला.

राणी निवांत दिसते. दमट हवेत पेटीतला पाण्याचा कापूस लवकर खराब होतो, तो बदलत जा, एवढंच. बाकी काळजीचं काही नाही.

शाळेला सुट्टी लागेल आता. माझं कामही थांबेल, तेव्हा मला लिहायला भरपूर वेळ आहे. तुम्हाला काहीही लिहावंसं वाटलं तर लिहा. मुंग्यांबद्दलच असलं पाहिजे असं नाही. गुडघ्यांबद्दल लिहा, किसा-सानबद्दल लिहा. इनाबा-सान म्हणतात की त्या किसा-सान त्यांना फार आवडल्या आहेत आणि केस कापायला उवाजिमाला यायला ते तयार आहेत. डोक्यावर केस मात्र नाहीत.

चिनात्सु

*

उवाजिमा, १७ ऑगस्ट

चिनात्सु-सान,

पितरांचे दिवस झाले. नाओचं हे पहिलंच वर्ष, म्हणून पांढरा कंदील लावला. शेजारपाजारचे येऊन उदबत्ती लावून गेले. 'शांत मुलगा होता,' असं जो तो म्हणाला. शांत कसला! मी किसाकडून तुमच्या गटावरचं त्याचं जुनं लिखाण वाचून घेतलं. मुंगीच्या पोटावरच्या केसांवरून याने कुणाशी तरी आठवडाभर वाद घातलाय. मला हसू आलं आणि मग रडूही. बापाला कधी उलटून बोलला नाही तो!

पेटीत अंडी दिसतायत. पांढरी, लांबट, पुंजक्याने. कामकऱ्या ती उचलून इकडून तिकडे नेतात. म्हणजे राणीने अंडी घातली म्हणायची. हो ना?

तोकिए

*

मात्सुमोतो, २५ ऑगस्ट

तोकिए-सान,

अंड्यांचं वाचून सगळ्यांना आनंद झाला. काहीही हलवू नका. त्यांना त्यांचं करू द्या.

उन्हात दगदग करू नका. जेवत जा.

चिनात्सु

*

उवाजिमा, १२ ऑक्टोबर

चिनात्सु-सान,

आता पुरे झालं. खरं सांगते.

राणी मेलीय. आत्ता नाही, जूनमध्येच मेली. एका सकाळी बघितलं तर बाकीच्या तिला नेहमीसारख्याच चाटत होत्या, भरवत होत्या. मीही आधी फसले. पण तिचे पाय पोटाखाली गोळा झाले होते आणि मिशा हलत नव्हत्या. इस्पितळात इतकी वर्षं काढली, मेलेलं माणूस चादरीवरून ओळखते मी. मुंग्यांना मात्र कळेना. किती दिवस त्या तिला चाटत होत्या, तोंडाशी थेंब धरत होत्या. तिचं डोकं वेगळं झालं तरी चाटत होत्या. मी तिथे बसून बघायची आणि म्हणायची, "अगं पोरींनो, गेली ती. सोडा आता." कोण ऐकतंय!

तुम्हाला कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्ही 'वाईट वाटलं' असं एक चांगलं पत्र लिहिलं असतं आणि सगळं संपलं असतं. राणी गेली की वारूळ संपतं, हे तुम्हीच लिहिलंत. मग या म्हातारीला पत्र कोण आणि कशाला लिहिणार? माझ्या मुलाला ओळखणारी माणसं मला तुमच्या पत्रातच भेटतात. इथे गावात त्याला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. मीही त्याला अर्धाच ओळखत होते. म्हणून मेलेल्या राणीचा फोटो पाठवला, अंधारात, मुद्दाम. किसाचा हात हलत नाही. ती वस्तरा चालवते.

तुमचं उत्तर आलं, 'राणी निवांत दिसते.' तेव्हा वाटलं, ही बाई एकतर आंधळी आहे, नाहीतर माझ्याहून खोटारडी.

आता पेटीत पंखवाले काहीतरी निघालेत. बारीक अंगाचे, छोट्या डोक्याचे, काळे. काम काही करत नाहीत. बाकीच्या त्यांना भरवतात. राणी नाही, मग ही पोरं कुणाची? एवढं सांगा. मग पत्रं थांबवलीत तरी माझी तक्रार नाही.

तोकिए

*

मात्सुमोतो, १९ ऑक्टोबर

तोकिए-सान,

आंधळी नाही, खोटारडीच.

तो फोटो गटावर टाकला आणि सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं. आम्ही सगळे वर्षानुवर्षं मुंग्या बघणारे, गोळा झालेले पाय अंधारातही दिसतात. मग इनाबा-सानांनी लिहिलं, 'राणी मेली हे त्यांना सांगितलं तर त्या लिहायच्या थांबतील.' त्यावर कुणी वाद घातला नाही. आमच्या गटात असं पहिल्यांदाच झालं. म्हणून मी 'निवांत' असा शब्द शोधला. तो काही अगदीच खोटा नाही ना?

म्हणजे तुम्ही आमची पत्रं थांबतील म्हणून लपवलंत आणि आम्ही तुमची थांबतील म्हणून. दोन्हीकडे एकच भीती. आता हसावं का रडावं ते तुम्ही ठरवा. माझं दोन्ही करून झालंय.

मी या गटात आले तेव्हा माझा नवरा घर सोडून गेला होता आणि मी कामावर जाणं बंद केलं होतं. खोलीत पडून असायची. रस्त्यात सापडलेली एक राणी तेवढी होती, लोणच्याच्या बरणीत. ('का ते विचारू नका' म्हटलं होतं, पण सांगून टाकलं.) चौथा मजला-सान रोज विचारायचे, 'राणी कशी आहे?' मला बघायला उठावं लागायचं. उठलं की खिडकी उघडली जायची, चहा व्हायचा. ती राणी महिन्याभरात मेली. मी लिहिलं, 'मेली.' त्यांनी ते ठरलेलं वाक्य लिहिलं, 'पहिल्या वर्षी सगळ्यांच्याच मरतात. या, बसा.' दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, 'राणी कशी आहे?' मी चिडून लिहिलं, 'मेली असं सांगितलं ना?' तेव्हा ते म्हणाले, 'मुंगीचं नाही विचारलं.'

तुमच्या मुलाने मला उठवलं, तोकिए-सान. याचे आभार मला त्यांना मानता आले नाहीत. तुमचेच मानते. पत्रं थांबणार नाहीत.

आता पंखवाल्यांचं. राणी गेली आणि वारूळ पोरकं झालं की कामकऱ्याच अंडी घालतात. त्यांचं लग्न झालेलं नसतं, त्यामुळे त्या अंड्यांतून मुली होत नाहीत. फक्त पंखवाले नर होतात. त्यांच्याने वारूळ टिकत नाही, म्हणून लोक त्यांना निरुपयोगी म्हणतात. पण कामकऱ्या राणीच्या मुली. त्यांची ही मुलं. म्हणजे तुमच्या पेटीत आहेत ते राणीचे नातू.

हिवाळ्यात सगळ्यांना पुन्हा फ्रिजमध्ये झोपवा. मे महिन्यात, पाऊस पडून गेल्यावर, ऊन असेल, उबदार असेल, वारा नसेल, अशा दुपारी गावातल्या सगळ्या वारुळांतून नर आणि राण्या उडतील. त्या दिवशी पेटी धोबीखान्यामागच्या अंगणात न्या आणि काठावरची पावडर पुसून टाका. बाकी ते बघतील. एखाद्याची गाठ एखाद्या तरुण राणीशी पडली तर म्हातारीचं रक्त त्या मातीत राहील.

तो दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आम्ही कुणी वेळेवर पोचू शकणार नाही. तुम्हालाच करावं लागेल.

चिनात्सु

*

उवाजिमा, १४ डिसेंबर

चिनात्सु,

'सान' गाळलं. तू इतकं खोटं बोलल्यावर आता कसला आदर?

संत्र्यांची पेटी पाठवलीय. वरवरची खाऊ नकोस, तळातली गोड आहेत. इनाबा-सानांना वेगळी पाठवलीय, तुझ्यातली त्यांना वाटू नकोस.

कामकऱ्या निम्म्याहून कमी उरल्यात. मेलेल्यांना उरलेल्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवतात. नातू मात्र धट्टेकट्टे. स्वतः उपाशी राहून त्यांना भरवणं चाललंय. बाई कुठलीही असो, सारखीच.

मुळ्याशेजारी झोपवलंय. झाकणावरची नाओची चिठ्ठी तशीच आहे. 'झोपल्या आहेत' असं आहे, आता काही 'झोपले आहेत' सुद्धा आहेत, पण मी त्याच्या अक्षराला हात लावला नाही.

'नातू' हा शब्द तू लिहिलास त्या दिवशी मी पत्र देवघरात त्याच्या फोटोपुढे ठेवलं. त्या पावडरच्या डब्याबद्दल आणखी लिहू नका असं मी म्हटलं होतं. आता एक लिहिते. तो डबा मी टाकला नव्हता. तुझं पत्र येण्याआधी रोज उघडून वास घ्यायची. वाटायचं, कुठेतरी एक लेकरू आहे.

तोकिए

*

उवाजिमा, २० मे

गटातल्या सर्वांस, चौथा मजला याच्या आईकडून.

किसा हे टॅबलेटवर उतरवून टाकेल. चुका तिच्या.

काल रात्रभर पाऊस झाला आणि आज सकाळी लख्ख ऊन पडलं. दुपारी किसा दुकानातून पळत आली, गिऱ्हाइकाचे केस अर्धे कापून ठेवून. म्हणाली, "तोकिए, माझ्या उंबऱ्यातून पंखवाल्या निघतायत!" पेटी पिशवीत घातली आणि दोघी धोबीखान्यामागे गेलो. धोबीखाना केव्हाच बंद झालाय, दाराला कुलूप आहे, पण मागचं अंगण आहे तसंच आहे. चादरी वाळत घालायचे खांब गंजलेत. फरशीला फटी पडल्यात. नाओ बसायचा ती पायरीही आहे. मी तिथेच बसले.

काठावरची पावडर ओल्या फडक्याने पुसली. कामकऱ्या आधी बाहेर आल्या, मोजक्याच उरल्यात, आणि दारात उभं राहून पाठवणी करावी तशा नातवांना ढकलू लागल्या. ते काही जाईनात. पेटीच्या काठावर येऊन बसले आणि बसूनच राहिले. किसा म्हणाली, "घरकोंबडे आहेत मेले, आजीवर गेलेत." मी म्हटलं, "बापावर." तेवढ्यात एक उडाला. मग दुसरा. मग एकदम सगळे. गंजलेल्या खांबांच्या वर आभाळात आधीच खूप उडत होते, गावभरातले. त्यांत मिसळले. मला ओळखू येईनात.

मी तिथे बसून किती वेळ वर बघत होते ते ठाऊक नाही. या पायरीवर बसून तो माझी वाट बघायचा. मी चादरींच्या मागून ओरडायची, "थांब, एवढ्या वाळत घालून येते." तो म्हणायचा, "सावकाश ये." मला वाटायचं किती शहाणा आहे. तो मुंग्या बघत असायचा.

तुम्ही त्याला 'या, बसा' म्हणायला जागा दिलीत. आईला जे जमलं नाही ते अनोळखी माणसांनी केलं. मी सगळ्यांना वाकून नमस्कार करते.

उरलेल्या कामकऱ्यांना पेटीत घेऊन घरी आले आणि लाल भात केला. फोटो किसा टाकेल.

तोकिए

*

मात्सुमोतो, २३ मे

तोकिए-सान,

लाल भात फक्त तुम्ही नाही केलात. किसा-साननी टाकलेलं आम्ही वाचलं आणि त्या संध्याकाळी ओकिनावापासून होक्काइदोपर्यंत भांडी चढली. इनाबा-सानांचा भात करपला, तरी फोटो टाकला. सगळे फोटो छापून सोबत पाठवते. पत्र जाड झालंय, टपालवाल्याला रागावू नका.

राणी कशी आहे?

चिनात्सु

*

उवाजिमा, ११ मे, पुढल्या वर्षीचा. पोस्टकार्ड.

गटातल्या सर्वांस,

पेटी हिवाळ्यातच रिकामी झाली. शेवटची एक फार दिवस जगली. राणी बरी आहे, गुडघे सोडून.

नाओ विचारायचा म्हणून लिहिते, आता दरवर्षी लिहीन.

उवाजिमाला काल दिवसभर पाऊस झाला. आज ऊन आहे. वारा नाही.